एकाच सळीतून घडवलेला क्रूस भेट द्यायचाय – लोहारकामवाल्यांनो, मदत करा (नागपूर)

फुटाळ्याचा_वारा

कॉलेजपासूनचा मित्र सदरला नव्या घरात राहायला जातोय. कुटुंब मराठी ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या नागपूरचं. त्याच्या आईच्या हातचं जेवून आम्ही दोघातिघांनी हॉस्टेलचे दिवस काढले, त्यामुळे मिक्सर नाहीतर डिनर सेट देऊन मोकळं व्हायचं मनात नाही. दिवाणखान्यात लावता येईल असा लोखंडी क्रूस स्वतः घडवून द्यायचा विचार आहे.

मी हौशी लोहार. अंगणात विटांची भट्टी, हाताने फिरवायचा ब्लोअर आणि इतवारीतून आणलेली जुनी ऐरण आहे. आकडे, चिमटे, खिळे, साधा पीळ एवढं जमतं. दोन पट्ट्या आडव्याउभ्या ठेवून वेल्ड मारला की क्रूस तयार, हे कळतं. तो कुठलाही ग्रिलवाला चहा संपायच्या आत करून देईल. मला वेल्डिंग नको, रिव्हेटही नको. परदेशी लोहार एका चौकोनी सळीला दोन काप देऊन ती तापवून उघडतात आणि मधोमध पोकळ चौकट असलेला क्रूस निघतो. त्याला फ्रेडरिक्स क्रॉस म्हणतात. चित्रं खूप पाहिली, पण काप कुठून कुठवर द्यायचे हे काही डोक्यात शिरत नाही.

आणखी दोन शंका. मी ख्रिस्ती नाही, तर अशी भेट देणं आगाऊपणाचं वाटेल का? आणि माझी आजी म्हणते की लोखंड कुणाला भेट देऊ नये, शनिवारी तर विकतही आणू नये.

तर्री_पोहा

आजीले सांग का शुक्रवारीच आणून ठेवलं होतं. मिटलं ना बाप्पा!

अन् सळी-बिळी कशाले पाह्यते? अजनीकडं पटरीच्या बाजूनं जुने खिळे पडून राह्यतात. दोन उचल, आडवे-उभे लाव, झाला क्रूस.

सांडशी

तर्री, गमतीतही असं लिहू नका, कोणीतरी खरंच उचलायला जाईल. रुळाजवळ पडलेला गंजका खिळाही रेल्वेचाच असतो. १९६६ चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा कायदा आहे आणि 'साहेब, पडलेला होता' या उत्तराने तिथे सुटका होत नाही. कोणाच्या देव्हाऱ्यात किंवा भिंतीवर जाणारी वस्तू पावतीच्या मालाची असावी.

वारा, काप कसे द्यायचे ते रात्री सविस्तर लिहितो. आयटीआयमध्ये फोर्जिंग शिकवण्यात आयुष्य गेलं आहे, ही गोष्ट फळ्यावर शिकवायला फार अवघड आणि हातात घेतली की फार सोपी.

करंजीवाली_ताई

आगाऊपणा कसला! उलट काकूंना भरून येईल. एकच आधी विचारून घ्या: घर कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट. आमच्याकडे कॅथलिक घरांत बहुतेक वेळा क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती असते, प्रोटेस्टंट घरांत रिकामा क्रूस. तुम्ही म्हणता तो पोकळ चौकटीचा क्रूस प्रोटेस्टंट घरात अगदी शोभेल. कॅथलिक घरातही कोणी नाही म्हणणार नाही, फक्त ते फादरकडून आशीर्वादित करून घेऊन मग लावतील. त्याचा राग मानू नका, तो त्यांच्या रीतीचा भाग आहे.

सदरचं म्हणालात म्हणून सांगते. तिथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आपल्या नागपुरात! बाहेरच्यांचं सोडा, इथल्या पोरांनाही माहीत नसतं.

लोखंडाच्या अपशकुनाचं म्हणाल तर ते आमच्या घरी कोणी मानत नाही. तुमच्या आजींचं मन मात्र राखा. घेणाऱ्याकडून एक रुपया घ्या, म्हणजे भेट नाही, विक्री झाली. माझ्या शेजारच्या देशपांडे काकू सुरी देताना हेच करतात.

फॅब्रिकेशन_हिंगणा

मी ग्रिल-गेट आणि कबरीवरचे क्रूस दोन्ही बनवतो. वेल्डिंगला एवढं तुच्छ मानायचं कारण नाही. नीट मारलेला वेल्ड ग्राइंडरने घासला, रंग दिला, की देणाऱ्यालाही सांधा सापडत नाही. उघड्यावर ऊन-पावसात उभा राहायचा चार फुटी क्रूस तुमच्या पद्धतीने करून दाखवा म्हणावं.

सांडशी

फॅब्रिकेशन, कबरस्थानातल्या क्रूसाबद्दल तुमचंच बरोबर आहे, तिथे मजबुती आणि खर्च बघायचा. घरातल्या वीतभर वस्तूचं गणित वेगळं. ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली जाते आणि पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, 'जोडलंय कुठे?' कुठेच जोडलेलं नाही, हे उत्तर देता येणं हीच या घडणीतली गंमत आहे. यात काही बाहेरून आणून चिकटवलेलं नाही. जे होतं तेच उघडलं.

आता काप. कागद-पेन्सिल घ्या.

२० मि.मी. चौकोनी एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) सळी घ्या, लांबी १५० मि.मी. या सळीचं वजन मीटरला ३.१४ किलो बसतं, म्हणजे तुमचा तुकडा अर्ध्या किलोच्या आतच. डावं टोक अ, उजवं टोक ब. अ पासून ६० मि.मी. वर चारही बाजूंनी रेघ मारा. ब पासून ४५ वर दुसरी रेघ. मधे ४५ चा पट्टा उरेल. या पट्ट्यातच सगळी जादू होते.

पहिला काप अ टोकातून सुरू करा, सळीच्या बरोबर मधून, लांबीच्या दिशेने. तो ६० ची रेघ ओलांडून, मधला पट्टा चिरून, ब कडच्या रेघेवर थांबतो. म्हणजे १०५ मि.मी. चा काप. आता सळी पाव फिरवा. दुसरा काप ब टोकातून, पहिल्याला काटकोनात. तो ब कडची रेघ ओलांडून, मधला पट्टा पुन्हा चिरून, अ कडच्या रेघेवर थांबतो. हा ९० मि.मी. चा.

काय झालं बघा. अ कडचं टोक दोन फाकांत चिरलं गेलं. ब कडचंही दोन फाकांत, पण आडव्या दिशेने. मधल्या पट्ट्यातून दोन्ही काप गेल्यामुळे तिथे चार बारीक काड्या झाल्या. अ ची प्रत्येक फाक दोन काड्यांना धरून आहे, ब ची प्रत्येक फाकही दोन काड्यांना धरून आहे, पण जोड्या वेगळ्या. त्यामुळे सळी कुठेही सुटत नाही. चार काड्यांची एक अखंड साखळी होते आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार हात.

उघडताना आधी अ च्या दोन फाका एकमेकींपासून दूर करत पार सरळ रेषेत आणायच्या. आता इंग्रजी टी दिसेल: दोन हात दोन दिशांना आणि ब टोक मधून उभं. ते उभं खोड स्वतःकडे तोंड करून धरा. ते मधोमध चिरलेलंच आहे. त्याच्या दोन फाका डावी-उजवीकडे उघडा आणि खाली दाबत जा. काड्या आपोआप बाहेर फाकतात आणि मधे कोपऱ्यावर उभी चौकट तयार होते. अ च्या फाका म्हणजे क्रूसाचा उभा दांडा, ब च्या फाका म्हणजे आडवा. खालचा हात नंतर ठोकून लांबवा, नाहीतर अधिक चिन्हासारखं दिसेल.

लोखंड हातात घ्यायच्या आधी धुण्याच्या साबणाच्या वडीवर नाहीतर पोरांच्या क्लेवर करून बघा. चाकूने दोन काप द्या आणि उघडा. साबण लगेच तुटेल, पण तुटायच्या आधी गोष्ट समजलेली असेल.

फुटाळ्याचा_वारा

सर, क्लेवर केलं. टी झाला तेव्हाच ट्यूब पेटली! चौकट निघाल्यावर बायकोला दाखवली, तिने पुन्हा मिटवून सळी केली आणि पुन्हा उघडली. आता क्ले परत मिळत नाहीये.

कापायचं कशाने? हॅकसॉची फ्रेम १०५ मि.मी. आत जात नाही, मधे अडते.

सांडशी

ब्लेड फ्रेममध्ये पाव फिरवून बसवा. ब्लेड अडकवायच्या खिट्ट्या फिरतात, त्यासाठीच असतात. मग फ्रेम बाजूला राहते आणि हवं तेवढं आत जाता येतं.

कापण्याआधी प्रत्येक काप जिथे थांबणार तिथे ४ मि.मी. चं आरपार भोक पाडा. ही पायरी कोणी गाळू नका. काप टोकदार कोपऱ्यात संपला तर उघडताना सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि तिथूनच चीर धावते. गोल भोक असलं की ताण पसरतो. भोकामुळे उघडल्यावर कोपरेही छान गोलसर दिसतात, तो वरचा फायदा.

फॅब्रिकेशन_हिंगणा

एवढं घासत बसायचं तर दंडाची बेडकुळी येईल. चार इंची ग्राइंडरला १ मि.मी. ची कटिंग डिस्क लावा, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा काप घ्या. फक्त भोकाच्या अलीकडेच थांबा. डिस्क गोल असल्यामुळे वरून काप भोकापर्यंत पोचलेला दिसतो तेव्हा आत अजून माल शिल्लक असतो, तो हॅकसॉने संपवा. गार्ड काढून काम करणारे महाभाग असतात, त्यातले होऊ नका. चष्मा घाला.

(सांडशी सर, मान्य. हे मला येत नव्हतं. उद्या वर्कशॉपवर पोरांना देतो करायला.)

वऱ्हाडी_जवस

माल कोणता घ्यायचा ते कोणी सांगितलं नाही. बांधकामावरचा टीएमटी सरिया घेऊ नका. तो गोल, वर कंगोरे, शिवाय बाहेरचा थर पाण्याने थंड करून मुद्दाम टणक केलेला असतो. जीआय म्हणजे जस्त चढवलेलं काही भट्टीत घालू नका, पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. लोहा ओळीत साधा एमएस चौकोनी बार सुटा कापून मिळतो. दोन फूट घ्या, उरलेला कामाला येतोच.

तर्री_पोहा

कोळशाचं का? आपल्या नागपुरात वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) हेडऑफिस, चहूकडं खाणी. उमरेडचा कोळसा आणला तर?

सांडशी

प्रश्न चांगला आहे. आपल्याकडचा, म्हणजे उमरेड, कामठी, सावनेर पट्ट्यातला कोळसा वीजकेंद्रात जाळायला ठीक. त्याचा कोक होत नाही. धूर फार, राख फार, आणि भट्टीच्या तळाशी खंगर (वितळून घट्ट झालेली राख) साचून हवेचं तोंड बंद करतं. शेजारी भांडायला येतील ते वेगळं. या कामाला लाकडी कोळसा घ्या, बाभळीचा मिळाला तर उत्तम. तो भराभर जळतो पण स्वच्छ असतो. फाउंड्रीवाल्यांकडे हार्ड कोक मिळतो, पण त्याला सतत हवा लागते, ब्लोअर थांबला की विझतो. काहीही जाळा, बंद खोलीत नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

आता तापमानाचं. पुस्तकी आकडे सांगतो, पण काम डोळ्यांनीच करायचं आहे. मंद लाल साधारण ७०० अंश, गडद चेरी ८०० च्या आसपास, नारिंगी ९५० च्या पुढे, पिवळं ११०० च्या आसपास. फाका उघडायच्या त्या नारिंगी-पिवळ्यावरच. लाल मावळू लागला की हातोडा खाली ठेवा आणि परत भट्टीत. 'एवढंच उरलंय, दाबून टाकू' म्हणून मावळत्या लालीत ओढलेला कोपरा फाटतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट गार, २००-३०० अंशांवर ठोकणं. त्या टप्प्यात लोखंड गारपेक्षाही ठिसूळ असतं, आणि लाल दिसत नाही म्हणून हात लावायचा मोह होतो तो वेगळाच.

उलट टोकाला बारीक काड्यांचा धोका. जाड हात अजून लालच असतात तेव्हा काड्या पिवळ्या होऊन जातात. त्यांच्यातून ठिणग्या उडू लागल्या तर समजा लोखंड जळतंय, आणि जळलेलं परत येत नाही. त्यामुळे चौकटीचा भाग निखाऱ्यांच्या मधोमध खुपसू नका, जाड हात आत आणि काड्या जरा कडेला ठेवा. हवा मंद.

हे सगळं सावलीत. नागपूरच्या उन्हात पिवळं लोखंडही लाल वाटतं आणि माणूस आणखी तापवत बसतो. आपले घिसाडी रस्त्याकडेलाही आधी ताडपत्री बांधतात, मग भाता मांडतात, ते नुसतं ऊन लागू नये म्हणून नव्हे.

फुटाळ्याचा_वारा

सर, फाका पहिल्यांदा सुट्या कशा करायच्या? काप तर जेमतेम १ मि.मी. चा.

सांडशी

ऐरणीच्या कडेला किंवा व्हाइसमध्ये बोथट छिन्नी उभी धरा, पिवळी सळी कापाच्या तोंडावर बसवा आणि हलके ठोका. पाचरीसारखं काम. बोटभर उघडलं की छिन्नी काढा आणि पुढचं काम ऐरणीच्या शिंगावर करा. दोन्ही फाका सारख्या उघडतायत ना, हे प्रत्येक तावाला (सळी तापवून बाहेर काढाल त्या दर वेळी) बघत चला. एकीकडे जास्त गेलं तर लगेच सुधारतं, शेवटी सुधारायला गेलात तर चौकट वाकडी होते. शेवटचं सपाट करणं लाकडी मोगरीने करा, लोखंडी हातोड्याचे घाव काड्यांवर उमटतात.

शिलावर्तुळ

उशिरा आलो, पण राहवत नाही. नागपूरला लोखंडाचा वारसा नाही असं समजू नका. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली, मातीच्या नळ्यांसकट. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी ते काम केलं. माहूरझरीच्या दफनांत घोड्याच्या तोंडातले लगामाचे तुकडे निघाले आहेत. म्हणजे आपल्या भागात इसवी सनाच्या कितीतरी आधीपासून भाता चालतोय.

आणि क्रूसाशी थेट धागा हवा असेल तर स्टीफन हिस्लॉप घ्या, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. धर्मप्रसार, शाळा, आणि त्याबरोबर दगडांचा आणि शिलावर्तुळांचा, म्हणजे जुन्या दफनांभोवतीच्या दगडी वर्तुळांचा, अभ्यास. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना नदीला आलेल्या पुरात वाहून गेले. पुढे १९६८-६९ मध्ये त्याच टाकळघाट-खापा परिसरात देव यांनी उत्खनन केलं. तुमच्या मित्राच्या घरच्यांना हे नक्की माहीत असेल, पण क्रूस देताना बोलायला विषय होईल.

करंजीवाली_ताई

हिस्लॉप साहेबांचं ऐकून बरं वाटलं.

मी आणखी एक सुचवू का? क्रूसावर द्राक्षवेल किंवा कबुतर काढलं तर? इंग्लंडच्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलचा खिळ्यांचा क्रूस ऐकलाय का? नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालेल्या छतातल्या जुन्या खिळ्यांचा. तसं काहीतरी अर्थपूर्ण.

वऱ्हाडी_जवस

ताई, वेल नको. वेल आली की पानं आली, पानं आली की वेल्ड आला. पितळी मणी, सोनेरी रंग, 'गॉड इज लव्ह' कोरलेली पाटी हे सगळं दुकानात मिळतं. या घडणीत मधली रिकामी चौकटच नक्षी आहे. फार तर खालच्या लांब हाताला एक पीळ द्या. आधी तो हात ठोकून चौकोनी करा, एकसारखा नारिंगी तापवा, वरचं टोक व्हाइसमध्ये, खालचं पान्यात, आणि एका दमात फिरवा. थांबून फिरवला तर पीळ एका जागी दाटतो.

फिनिशबद्दल मात्र मी बोलणार, माझा आयडीच त्यासाठी आहे. काळा ऑइलपेंट मारू नका, केलेलं सगळं झाकलं जातं. तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा, परत थोडं तापवा, लाल नाही, फक्त तेल टेकवलं की धूर निघेल इतपत. मग घाणीचं जवसाचं तेल सुती फडक्याने पातळ पुसा. तेल आटून काळसर कवच धरतं. गार झाल्यावर मधमाशीचं मेण. पावसाळ्यात घरातल्या भिंतीवर याला गंज येत नाही, आलाच तर वर्षातून एकदा मेणाचा हात पुरे.

आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, घडीत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

तर्री_पोहा

काय सांगून राह्यला भाऊ! आमच्या घरी जवसाची चटणी होते रोज, आग आजवर फक्त जिभेलेच लागली.

करंजीवाली_ताई

बरं, वेल रद्द. साधाच छान दिसेल. जय ख्रिस्त!

फुटाळ्याचा_वारा

सगळ्यांचे आभार. मित्राला विचारलं, घर सीएनआयचं (ताईंनी सांगितलेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे, त्यामुळे रिकामा क्रूसच. बार आणला आणि रेघा मारल्या. (शनिवार नव्हता. आजीला पावतीवरची तारीख दाखवली.)

शेवटची शंका: टांगायचा कसा? मागे कडी वेल्ड करायची नाही, वरच्या हाताला भोक पाडलं तर समोरून दिसतं.

सांडशी

कडी कशाला हवी? मधल्या चौकटीचा वरचा आतला कोपरा गोल आहे, तुम्हीच भोक पाडलेलं. भिंतीत एक खिळा, त्यावर तो कोपरा टेकवायचा. भार बरोबर मधोमध येतो आणि खालचा हात लांब असल्याने क्रूस आपोआप सरळ राहतो. खिळा समोरून दिसणारच, म्हणून तोही बारच्या उरलेल्या तुकड्यातून घडवा. चौकोनी निमुळता, डोकं चार घावांचं. क्रूस भिंतीपासून बोटभर पुढे राहील इतका बाहेर ठेवा, म्हणजे काड्यांची सावली भिंतीवर पडते आणि चुन्याचा ओलावा लोखंडाला लागत नाही.

फॅब्रिकेशन_हिंगणा

नव्या घराची भिंत आहे, खिळा ठोकू नका, प्लास्टर फुटेल. ८ मि.मी. चं भोक, त्यात लाकडी गुल्ली, आणि खिळा गुल्लीत. गुल्ली सागाची घ्या.